पाठमोरी

नाही हो, 'अपस्टेज'ची व्याख्या बरोबर आहे — मी कुठं चूक म्हणते? 'सहकलाकाराच्या मागे सरकून त्याला प्रेक्षकांकडे पाठ करण्यास भाग पाडणे.' चोख आहे. तुम्ही प्राध्यापक मंडळी व्याख्या चांगल्या करता, तुमची पोटापाण्याची विद्याच ती. माझं भांडण आहे खालच्या ओळीशी. त्या तिरक्या अक्षरातल्या. काय म्हणता तुम्ही त्याला — वाक्यात उपयोग? वाचा बघू परत. मोठ्यानं वाचा, हळू कशाला? थोरली आत झोपलीय म्हणून? अहो, उशाशी ढोल वाजवलात तरी उठायची नाही ती, दोन्ही कान कधीच गेलेत तिचे. वाचा. 'थोरल्या बहिणीने धाकटीला आयुष्यभर अपस्टेज केले.' हं. आयुष्यभर. वा. आणि ही धाकटी म्हणजे कोण, तर तुमच्यासमोर बसलेली, तुम्हाला चहा करून देणारी ही बाई. म्हणे नावं घातलेली नाहीत. नावं कशाला हवीत? नाटकातल्या कुणाही माणसाला हे वाक्य दाखवा, पडदा ओढणाऱ्याला दाखवा, तो डोळे मिटून सांगेल कुणाबद्दल आहे ते. आम्ही दोघीच होतो तशा. एकीचं तोंड लोकांना पाठ, दुसरीची पाठ.

नाही, मला राग आलेला नाही. राग यायला समोरचं माणूस तोलाचं लागतं. तुम्ही आपले शब्दकोश करताय, नाटकातले सगळे इंग्रजी शब्द एका पुस्तकात बसवताय, करा. पण आधी ते दुसऱ्या अर्थाचं घ्या — 'एखाद्यापेक्षा अधिक लक्ष वेधून घेणे, झाकोळून टाकणे, भाव खाऊन जाणे.' हे कुणी घातलं? तुम्ही. हल्ली असंच वापरतात म्हणून? हल्ली लोक काय वाट्टेल ते वापरतात. साहेबाच्या भाषणानंतर एखादा कारकून उठून बरं बोलला — झालं, साहेबाला अपस्टेज केलं. नवरीपेक्षा तिची मैत्रीण नटून आली — अपस्टेज. अहो, भाव खाऊन जाणं निराळं. ते गुणावर होतं. समोरचा चांगलं करतो, लोक त्याच्याकडे बघतात, तुम्ही बसा चरफडत. त्यात कुणाचा काय दोष? अपस्टेज करायला गुण लागत नाहीत, पाय लागतात. एक पाऊल मागं, मग अर्धं, मग आणखी अर्धं. पूर्वी रंगमंचाची मागची बाजू उंच असायची, पुढं उतार, म्हणून मागं जाणं म्हणजे वर जाणं — ते तुम्ही लिहिलंय, वाचलं मी. पण कागदावर नाही कळत ते. उठा. उठा की, चहा ठेवा तिथं. ही खिडकी म्हणजे प्रेक्षक. माझ्याकडे तोंड करून बोला काहीतरी. आता मी ही अशी मागं सरकले. तुम्ही काय कराल? माझ्याशी बोलायचं तर वळावं लागेल. वळलात. आता तुमचा चेहरा कुणाला दिसतोय? मला एकटीला. आणि खिडकीला काय दिसतंय? तुमचा सदरा. आलं ध्यानात? तुमचे अश्रू, तुमचे डोळे, घोकून घोकून बसवलेले ते ओठांचे कंप — सगळं एका माणसापुरतं. बसा. नाही, खुर्ची हलवू नका, तशीच राहू द्या, मला इथून आतलं दार दिसायला हवं. उठली की ती सांगत नाही, सरळ जाऊन शेगडी पेटवते, आणि इथून हाक मारून तर काही उपयोग नाही.

तर ते वाक्य खोटं आहे. काढा ते. एवढंच मला सांगायचं होतं, झालं.

काय? तिनंच सांगितलं? कुठं? त्या मुलाखतीत? … हो, वाचली होती मी ती. 'धाकटी चांगलीच होती, पण तिला पाठमोरी करणं हे माझं कसब.' हो, हो, तिचंच वाक्य. आणि तुम्ही ते उचललंत, घासून पुसून कोशात बसवलंत. म्हणजे तुमच्याकडे पुरावा आहे. तोच तर आडवा येतो नेहमी, पुरावा. ज्याचं त्यानं सांगितलं की लोकांना वाटतं खरंच असणार — जणू माणसं स्वतःबद्दल खोटं बोलतच नाहीत.

ऐका मग. आलाच आहात तर ऐका, पण ती लेखणी खाली ठेवा.

आम्ही दोघी एकाच कंपनीत. गावोगाव फिरायचं, आज इथं, उद्या तिथं, ट्रंकांवर बसून जेवायचं, ट्रंकांवर डोकं टेकून झोपायचं. ती आधी आली, नायिका झाली, मग मला आणली. लोकांना वाटायचं बहिणीच्या मायेनं आणली. मायेनं कसली, तिला वेणीफणी करायला हक्काचं माणूस हवं होतं. पण होती देखणी, खोटं कशाला बोलू. चालत आली की पडद्याच्या झालरीसुद्धा तिच्याकडे बघायच्या. आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, माझ्याच कानात बोलतेय. आणि एक टेबलाचं नाटक होतं आमचं — त्याला सगळे तसंच म्हणायचे. दोन बहिणी, बाप गेलेला, टेबलाशी बसून घराची वाटणी करतायत. तिसरा अंक सगळा आम्हा दोघींचा. त्यात तिसरं माणूसच नाही. टेबल, दोन खुर्च्या, मागं एक दार, आणि आम्ही. त्या नाटकानं कंपनीला नाव दिलं, आणि त्याच नाटकात बाईसाहेब मागं सरकायला लागल्या.

पहिल्यांदा मला वाटलं, चुकून. मग दुसऱ्या गावी तेच. तिसऱ्या गावी मालकांनी जमिनीवर खडूनं खुणा केल्या — मालक म्हणजे आमचे दिग्दर्शकही तेच — तू इथं, तू तिथं, दोघींचा चेहरा लोकांकडे. पडदा वर गेला, आणि ही हळूहळू, बोलता बोलता, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवत, दाराशी. खडू गेला वाऱ्यावर. मी तिला विंगेत धरली. म्हटलं, 'तू मागं का सरकतेस?' तर म्हणते, 'तुला पुढं जागा करून देते.' असं तिचं बोलणं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर कानाखाली वाजवली असती, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, करणार काय? मग मी ठरवलं, आपण वळायचंच नाही. ती मागं जाऊ दे, पार रंगपटात जाऊ दे, मी माझं तोंड प्रेक्षकांकडे ठेवून बोलणार. बोलले. आणि ती अडखळली. अशी अडखळली की बास. माझं वाक्य संपलं तरी ही गप्प. विंगेतून वाक्य सांगणारा सांगतोय, खाकरतोय, पुस्तक आपटतोय, ही ढिम्म. शेवटी भलतंच वाक्य बोलली, चार पानं पुढचं. मला मजा वाटली. का नाही वाटायची? महाराणींचा पाय घसरला की दासीला मजा वाटतेच. मी पुढच्या प्रयोगालाही तेच केलं.

त्याच दिवसांत बाबा भेटायला आले होते. आमचे बाबा — नाटकाच्या विरुद्ध, कधी येत नसत, त्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, आले. मी रंगपटात गेले, ती आरशासमोर रंग पुसत होती. मी म्हटलं, 'बाबा आलेत. बाहेर बाकावर बसलेत.' तर म्हणाली, 'मामा? त्यांना सांग, मी झोपले.' मामा आमचे उसने पैसे मागायला यायचे, त्यांना ती टाळायची. पण मी मामा म्हटलंच नव्हतं. मी बाबा म्हटलं होतं, चांगलं स्वच्छ. मला वाटलं, ही मुद्दाम करतेय, बापाला भेटायचं नाही म्हणून मामाचं नाव पुढं करतेय. मी बाहेर जाऊन बाबांना सांगितलं, ती थकलीय. ते बरं म्हणाले, टोपी घातली आणि गेले. त्यानंतर मी तिच्याशी बोलणंच टाकलं. रंगमंचावर बोलायची तेवढं बोलायची. एका खोलीत राहायचो, पण मधे भिंत घातल्यासारखं.

आता तुम्ही ओळखलं असेल. नाही? अजून नाही? कोश कसला करता तुम्ही.

मग एका गावी — नाट्यगृह जुनाट, वरची दिव्यांची ओळ कधी पडेल सांगता यायचं नाही — तिसऱ्या अंकात, ती दाराशी, मी टेबलाशी, आणि अगदी तिच्या पाठीमागं, वर, एक मोठा दिवा फुटला. बार उडाल्यासारखा आवाज. प्रेक्षक जागच्या जागी उडाले, बायका किंचाळल्या, एक लहान मूल रडायला लागलं, विंगेतला वाक्यं सांगणारा पुस्तक टाकून पळाला. माझ्या हातातला पेला खाली पडला. आणि ती? ती बोलत राहिली. डोळ्याची पापणी लवली नाही. वाक्याचा शेवटचा शब्दसुद्धा गाळला नाही. मग माझ्याकडे बघितलं तिनं, माझा चेहरा बघितला, पेला बघितला, आणि तेव्हा थांबली — आणि थांबली ती अशी झकास, की जणू आवाज पचवून, विचार करून थांबलीय. टाळ्यांचा कडकडाट. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं — 'काय ती एकाग्रता. आकाश कोसळले तरी भूमिकेतून बाहेर न येणारी अभिनेत्री.' एकाग्रता. हे समीक्षक. उचलली लेखणी, लावली कागदाला. अहो, तिला ऐकूच आलं नव्हतं.

मी टेबलापाशी उभी होते. सगळं एकदम दिसलं. मागं का सरकते — माझं तोंड दिसावं म्हणून. मी लोकांकडे तोंड करून बोलले की का अडखळते. मामा आणि बाबा. ओठांवर दोन्ही सारखेच दिसतात हो, करून बघा आरशात. मामा. बाबा. तुम्ही तर भाषेचे प्राध्यापक, तुम्ही कधी बघितलंयत? प, ब, म — सगळ्याला ओठ मिटायचे आणि उघडायचे, बघणाऱ्याला काही फरक कळत नाही.

तरी मी खात्री करून घेतली. त्या दिवशी प्रयोगानंतर ती डोळ्यांतलं काजळ काढत होती, आरशात अगदी वाकून. मी तिच्या पाठीशी उभी राहिले आणि साध्या आवाजात म्हटलं, 'तुझ्या केसांना आग लागलीय.' ती आपली काजळ काढतेय. मी परत म्हटलं. मग तिनं मान वर केली, आरशात मी दिसले, माझे ओठ हलताना दिसले, तशी म्हणाली, 'काय गं?' किती दिवसांनी मी आपण होऊन बोलले होते, त्याचंच तिला नवल वाटलं असावं. मी म्हटलं, 'काही नाही. केस छान दिसतायत.' तर म्हणाली, 'माहितीय.'

नाही, मी विचारलं नाही तिला. का विचारू? तिनं मला सांगितलं होतं? कुणालाच सांगितलं नव्हतं तिनं. सांगून करायचं काय? वाक्य विसरलं तर सांगणारा आहे हीच नटाची उशी असते, आणि जिला ते ऐकू येत नाही अशा नायिकेला कोण ठेवतो? दुसऱ्या कंपनीच्या बाया टपूनच होत्या, उंबरठ्यावर चपला काढून बसल्यासारख्या. मालकांनी हळहळून, डोळे पुसून, तिला घरी पाठवलं असतं. आणि ती घरी बसून काय करणार होती? तिला भातसुद्धा लावता येत नाही. अजूनही येत नाही. काल दूध उतू घालवलं.

तर पुढच्या प्रयोगाला मीच वळले. तिला सरकायची वेळच येऊ दिली नाही. तिसरा अंक सुरू झाला आणि मी आपली खुर्ची उचलून टेबलाच्या अलीकडे ठेवली, प्रेक्षकांकडे पाठ, आणि तोंड तिच्याकडे, दिव्याच्या उजेडात. ती दचकली. तुम्हाला वाटेल तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं असेल. छे. संशय आला तिला. हिचा नवा डाव काय आहे, म्हणून सगळा अंक माझ्याकडे मांजरीसारखी बघत होती. पण वाक्य एकही चुकलं नाही. आणि असं बोलली त्या दिवशी, असं बोलली — मी तिच्या समोर होते, हातभर अंतरावर, आणि मला एक क्षण आपण नाटकात आहोत हेच — ते जाऊ द्या. काही वाईट नट नव्हती ती, एवढंच.

मग तेच चालू राहिलं. त्या नाटकात, नंतरच्या नाटकांत, वर्षानुवर्षं. मी आरशासमोर बसून शब्द म्हणायची, आवाज न काढता. कुठला शब्द ओठांवर स्पष्ट दिसतो, कुठला दिसत नाही. लेखकाकडे जायची, म्हणायची, हा शब्द बदला, मला उच्चारायला जड जातो. तो बिचारा म्हणायचा, 'बाई, यात जड काय आहे, "पाणी" तर आहे.' म्हटलं, मला जड जातं. कंपनीत पसरलं की धाकटीची जीभ जड आहे. दारावर थाप पडायची असली की मी आधी पेला खाली ठेवायची, मग ती दाराकडे वळायची. फोन वाजायचा असला की मी कपाळावरचे केस मागं सारायची. लोक म्हणायचे, हिचे हात सारखे चाळवतात, हिला स्वस्थ उभं राहता येत नाही. आणि पाठ. माझी ती पाठ. एका शहाण्यानं लिहिलं — 'धाकट्या बाईंची पाठ आता आम्हाला तोंडपाठ झाली आहे.' हसा, हसा, सगळे हसले होते, मलासुद्धा आवडला विनोद. पाठमोरी नटी. तेच नाव पडलं. रस्त्यात एक बाई मला म्हणाली, तुम्ही ओळखू आला नाहीत हो, समोरून कधी बघितलंच नाही.

दया? दया कसली? दया कुत्र्यामांजरांची करतात. ती जर मालकांच्या दारी रडत गेली असती तर मीच म्हटलं असतं, जा, घरी बस. पण ती रडली नाही ना. काहीही ऐकू न येता ती रोज पडदा वर जाताना तिथं उभी राहायची, नाक वर करून, आणि सगळ्या जगाला वाटू द्यायची की आपण दुष्ट आहोत. अपस्टेज करणारी, धाकटीचा घास घेणारी. दुष्ट म्हटलेलं चालेल, बहिरी म्हटलेलं नाही. असा ताठा. त्या ताठ्यापुढं माझ्या चेहऱ्याची काय मातब्बरी? असा काय चेहरा होता माझा मोठा?

नाही, होता. बरा होता.

ती काम करायची थांबली तेव्हा — थांबली म्हणजे आपणहून, गाजावाजा करून, हारतुरे घेऊन — तेव्हा मला एक मोठं काम आलं. एका नव्या दिग्दर्शकाचं. सगळं नाटक एका बाईभोवती, शेवटच्या अंकात ती एकटी, नुसती प्रेक्षकांशी बोलते. तो म्हणाला, मला तुमचंच तोंड हवंय, कुणी न बघितलेलं. तालमी सुरू झाल्या. माझ्यासमोर एक चांगला मुलगा काम करत होता, माझ्या लेकाचं. तो बोलला की मी वळायची. मी मागं नाही हो सरकत, मी पुढंच, पण तोंड त्याच्याकडे, पाठ लोकांकडे, आणि ओठ असे — प्रत्येक अक्षर घडवून, हळू. दिग्दर्शक म्हणाला, 'बाई, प्रेक्षक इकडे आहेत.' मी म्हटलं, हो हो. परत तेच. त्यानं माझ्या खांद्याला धरून मला फिरवलं, हळूच, वाईट नव्हता तो. आणि मी समोर बघितलं, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, आणि मला वाक्यच सुचेना. तिथं बघणारं तोंडच नव्हतं. मी बोलतेय ते कुणाला कळतंय का, हे कशावरून कळायचं? अंधाराशी बोलतात कसं? लोक करतात, मलाही लहानपणी यायचं. गेलं. महिनाभर झटला तो माझ्यासाठी, मग मीच म्हटलं, दुसरी बघा. त्या दुसरीला त्या नाटकात लोकांनी डोक्यावर घेतलं. चांगलं केलं तिनं, मी बघून आले. पहिल्या रांगेत बसून.

हे लिहायचं नाही. लेखणी खाली ठेवायला सांगितली होती ना मी तुम्हाला? … बरं, ठेवलीत. मग हाताला चाळा कसला लागलाय?

काय म्हणता — वाक्य काढतो? दुसरं घालतो? कुठलं दुसरं? आणि का काढलं म्हणून विचारलं कुणी तर सांगाल काय? अहो, तिला माहितीय ते कोशात जाणार आहे ते. तुमच्याच माणसानं फोन करून — म्हणजे मला करून — विचारलं होतं, मी तिला सांगितलं, तेव्हापासून शेजारपाजाऱ्यांना सांगत फिरतेय, मी कोशात गेले म्हणून. पुस्तक आलं की पहिलं ते पान उघडणार. आणि तिथं तिला तिचा दुष्टपणा दिसला नाही, तर ती मला विचारणार, का गं काढलं? मग मी काय सांगू? तू बहिरी होतीस, म्हणून? इतकी वर्षं ती सांगत आलीय की कान गेले ते काम सोडल्यावर, म्हातारपणानं. मी मान डोलावत आलेय. आता या वयात, तुमच्या एका ओळीसाठी, ते मोडायचं? छापा. जसंच्या तसं छापा. 'आयुष्यभर' काढा म्हणणार होते, तेही राहू दे. शब्दकोशात काय सगळं खरंच असतं होय? तुमच्याकडे नुसती माणसांनी वापरलेली वाक्यं. एक हेही घाला. तिला आनंद होईल, आणि मला तसाही काही —

थांबा. नाही, तुम्ही वळू नका. बसून राहा तसेच.

कधी उठलीस गं? … मी विचारलं, कधी उठलीस. … मग हाक नाही मारायची? नुसतं दारात उभं राहायचं, भुतासारखं? … हे कोशाचे प्राध्यापक. शब्दाचा अर्थ विचारायला आलेत. … काही नाही, असंच, जुन्या गोष्टी चालल्या होत्या, नाटकाच्या. … काय? … दिव्यापासून? दिवा फुटला तिथपासून उभी आहेस तू, माझे ओठ वाचत? आणि दाराकडे तोंड करून बसूनही बोलण्याच्या नादात माझं लक्षच नाही.

…

कुठला चेहरा? … माकडासारखी? कोण माकडासारखी? … ऐकलंत का हो हिचं? म्हणे मी ओठ इतके ताणायचे, इतके वेंगाडायचे, की समोर माकड बसलंय असं वाटायचं. म्हणे अख्ख्या कंपनीत दुसरं कुणी तिच्याशी तसं बोलत नव्हतं, मग तिला काय कळणार नाही? … म्हणजे तुला ठाऊक होतं की मला — कधीपासून? … खुर्ची अलीकडे ठेवली त्याच दिवशी? आणि तू आजवर एका शब्दानं — … मी का बोलू? मी का म्हणून बोलायचं आधी? थोरली तू आहेस. … आणि मग ती मुलाखत? कसब म्हणे. … काय, तसं म्हणाली नसतीस तर लोकांनी मलाच लेचीपेची म्हटलं असतं, हिला स्वतःची जागा राखता येत नाही म्हणून? … हो. ते मात्र खरं. लोकांनी लेचीपेची म्हटलेलं मला आवडलं नसतं. … बस आता, उभी राहू नकोस, गुडघे दुखतात म्हणून मग मलाच ओरडशील. इथं नाही, समोर बस. समोर.

तुम्ही अजून इथंच? उठा. चहा झाला तुमचा, गोष्ट झाली. … वाक्याचं कळवू. ते आता मी एकटीनं ठरवायचं राहिलेलं नाही. आमचं दोघींचं बोलणं व्हायचंय, आणि त्याला तिसरं माणूस नको. कागद घ्या तुमचे. आणि जाताना दार हळू ओढा, आपटलं की डोकं उठतं. माझं. तिला काय.